ऑप्शनला टाकलेल्या धड्याची बखर

॥ श्री ॥ विघ्नहर्ता गणराय, वाग्देवी शारदा आणि फळा पुसण्याचे फडके, या तिघांस वंदन करून लिहिले ऐसे जे, शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, आषाढ मास, शुद्ध पक्ष, ते दिवशी सायंकाळी सहाचे सुमारास कॉलेजाचे दरवाजावरील शिपाई हुसेनमियाँ तांबोळी आपल्याशीच पुटपुटले, "सकाळी जे सर, तेच संध्याकाळी विद्यार्थी. माझ्या दोन्ही पोरांना शिकवलंय त्यांनी. आता सलाम घालायचा की ओळखपत्र मागायचं, ते एकदा लिहून द्या म्हणावं." हे जे जवळ उभे होते त्यांनी ऐकिले आणि ऐकिले नाही ऐसे दाखविले.

त्याचे मूळ येणेप्रमाणे. त्या राज्यात विद्येच्या गाद्या दोन. धाकटी गादी टेकाडावर, ती शाळा, तीत बारावीपर्यंतची मुले. थोरली गादी एस.टी. स्टँडापलीकडे, ते कॉलेज. दोहोंमध्ये एक ओढा आणि पुष्कळ अबोला. मग हुजुरातून फर्मान आले की, शाळेतील जे मूल हुशार असेल त्याने शाळा न सोडता सायंकाळी कॉलेजात जाऊन एक विषय शिकावा, आणि वर्ष पुरे केल्यास बारावीनंतर त्याची कॉलेजातील जागा पक्की धरू, मात्र चाचणीत पन्नासांपैकी तिसांखाली दोन वेळा गेल्यास नाव कमी करून परत टेकाडावर पाठवू. तेव्हा अकरावीतील गिरिजा सुतार, वय वर्षे सोळा, हिची निवड जाहली आणि विषय संख्याशास्त्र नेमिला. तिच्या मातोश्री सुमनबाई खानावळीत पोळ्या लाटीत. त्यांनी खबर ऐकताच लाटणे खाली ठेविले आणि विचारिले, "म्हणजे शाळेतलं नाव राहतं ना?" राहते म्हणता लाटणे पुन्हा उचलिले. त्या घराण्यात कॉलेजाची पायरी चढलेले पहिले माणूस हेच, आणि तेही शाळेच्या गणवेशावर. सुमनबाई त्या दिवसापासून पोळी लाटता लाटता "संख्याशास्त्र" हा शब्द मनाशी म्हणून पाहत.

त्याच सुमारास दुसरे फर्मान आले की, गणित शिकविणाऱ्या समस्त शिक्षकांनी हाच वर्ग करावा आणि परीक्षा द्यावी, न दिल्यास वरचे वर्ग काढून घेऊन पाचवीवर धाडू. शाळेत गणिताचे सुभेदार भास्कर लोंढे सर, चाकरी बावीस वर्षे. दरारा ऐसा की व्हरांड्यात चपलेचा आवाज आला म्हणजे पंखादेखील हळू फिरे. बीजगणित मुखोद्गत, आणि वर्तुळ हाताने काढीत, कंपास लागत नसे. तापाने फणफणलेले मूल सायकलीवर बसवून घरी पोहोचते करणारे सर ते हेच. फक्त एक धडा होता, संभाव्यता नावाचा, नाणे फेकिले तर छाप पडेल की काटा, पत्त्यांतून राजा निघेल की न निघेल. तो आला म्हणजे सर त्याची सगळी पाने एकत्र चिमटीत धरीत आणि उलटीत आणि फर्मावीत, "हा ऑप्शनला टाका. बाकीचं नीट केलंत तर याची गरज पडत नाही." बावीस वर्षे मुलांनी टाकिला. मग त्या मुलांची लग्ने जाहली आणि त्यांची मुले त्याच बाकांवर आली आणि त्यांनीही टाकिला. का टाकावयाचा, हे गावात सर्वांस ठाऊक होते आणि कोणी बोलत नव्हते, कारण सर चांगले होते.

मग वर्ग भरला. पहिल्या दिवशी सरांची स्वारी पालकसभा आटोपून दहा मिनिटे उशिरा दाखल जाहली. दारात सर दिसताच गिरिजा सवयीने ताडकन उठली आणि म्हणाली, "नमस्ते सर!" तेव्हा कोणी तपासनीस आले ऐसे समजून वर्गातील चाळीस माणसे उठली, आणि शिकविणाऱ्या नंदिनी प्रभुदेसाई मॅडम, वय एकोणतीस, त्या उभ्याच होत्या, त्या खडू टाकून अधिक ताठ उभ्या राहिल्या. सर सवयीने बोलिले, "बसा." सर्व बसले. मग सरांचे ध्यानी आले की आपणास बसावयास जागा नाही. गिरिजेच्या मागील बाक मोकळा होता, तेथे मुक्काम केला. पुढे कित्येक दिवस गिरिजेस तहान लागली म्हणजे ती मॅडमकडे न पाहता मागे वळे आणि विचारी, "सर, पाणी पिऊन येऊ?" आणि सर म्हणत, "जा, लवकर ये." मॅडमनी हा अपमान पदव्युत्तर शिक्षणाच्या बळावर सोसला. आणि सर मागून हळूच विचारीत, "गिरिजा, हे एक-छेद-सहा कुठून आलं?" ती मान न वळविता सांगे. मग सर म्हणत, "हं. बरोबर," जणू तिचीच परीक्षा पाहिली.

मग श्रावणात पहिली चाचणी जाहली आणि गुणानुक्रमे यादी कँटीनशेजारी लागली. सर्वांत वर सुतार गिरिजा, सत्तेचाळीस. खाली, बरेच खाली, लोंढे भास्कर, एकोणीस. ही खबर ओढा ओलांडून टेकाडावर पोहोचण्यास एक रात्र पुरली. दुसरे दिवशी सरांनी सबंध तास फळ्याकडे तोंड करून शिकविले. कोणी म्हणाले, "सर, हजेरी राहिली." सर न वळता बोलिले, "आज सगळे आहेत असं धरा." बावीस वर्षांत हजेरी चुकली ती त्या दिवशी. गिरिजेने ते पाहिले आणि मनाशी मसलत केली, आणि ती मसलत कोणास सांगितली नाही.

मग भाद्रपदात दुसरी चाचणी. सर तेवीस, गिरिजा बावीस. दुसरे दिवशी टेकाडावर हजेरी पूर्ववत सुरू जाहली, आणि सर विनोददेखील एक बोलिले. मग आश्विनात तिसरी. सर सव्वीस, गिरिजा पंचवीस. सरांनी यादी पाहून तिची समजूत घातली, "पेपरच अवघड काढतात गं हे." घरी सुमनबाईंनी विचारिले,

"सत्तेचाळिसावरून पंचवीस? काय गं?"

"अवघड होता."

"सरांना किती पडले?"

"आई, असं विचारू नये."

सुमनबाईंनी विचारिले नाही. परंतु त्या दिवशीच्या पोळ्या एका बाजूने जाड जाहल्या.

आता गिरिजेचे दोन वेळा तिसांखाली जाहले, सबब नाव कमी करण्याचा कागद तयार जाहला. त्यावर शाळेतील वर्गशिक्षकाची सही लागे, आणि वर्गशिक्षक लोंढे सर. तेव्हा मॅडमच्या खोलीत दरबार भरला. मॅडम, गिरिजा, हातास पीठ तसेच असलेल्या सुमनबाई, आणि सर. हुसेनमियाँ चहा घेऊन आले आणि चहा देऊनही गेले नाहीत. मॅडमनी तिन्ही उत्तरपत्रिका आधी तपासून ठेविल्या होत्या आणि त्यांस जे कळावयाचे ते कळले होते, परंतु बोलणार कोण? मॅडम म्हणाल्या, "बसचा त्रास होत असेल." सुमनबाई म्हणाल्या, "डोळ्याला नंबर लागला असेल." गिरिजा म्हणाली, "हो. नंबरच." हुसेनमियाँ म्हणाले, "वर्गातल्या दोन ट्यूब गेल्यात, मी कधीचं लिहून दिलंय." सर म्हणाले, "वयच असतं हे." मग सर्वांनी चहा पाहिला. मग मॅडमनी कागद सरांपुढे सरकविला आणि त्याखाली उत्तरपत्रिका ठेविल्या आणि खिडकीबाहेर पाहू लागल्या.

सरांची बावीस वर्षांची सवय, न तपासता सही करीत नसत. खिशातून लाल पेन काढिले. भाद्रपदातील पत्रिकेच्या समासातील कच्चे काम पाहिले, बरोबर. खूण केली. त्याची खालची पायरी, बरोबर. खूण केली. मग शेवटचे उत्तर, ते खोडलेले, आणि शेजारी भलतेच लिहिलेले. जे गणित त्यांस समजले नाही ते मॅडमकडे सरकवून बोटाने विचारीत आणि मॅडम मान हलवीत, आणि सर खूण करीत. अखेर खाली बेरीज लिहिली, अठ्ठेचाळीस. मग आश्विनातील पत्रिकेची केली, एकोणपन्नास. त्या पत्रिकेचे मागील पानावर कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक लिहिले होते, "सर: पेन खाली ठेवलं ७ वेळा, घसा साफ ४, पान उलटलं २. अंदाज २६. आपण २५." संख्याशास्त्राचा ऐसा उपयोग त्या राज्यात पूर्वी कोणी केला नव्हता. सरांनी ते दोनदा वाचिले. मग चष्मा काढून पुसला, तो मळला नव्हता.

"गिरिजा, येत असलेलं खोडलंस?"

गिरिजा उठून उभी राहिली. ती उभी राहिली म्हणोन सुमनबाई उठल्या, आणि हुसेनमियाँ उभेच होते ते आणखी ताठ जाहले. सर बोलिले, "बसा." सर्व बसले.

बखरीस सारांश लागतो, तो येथेच देणे प्राप्त, कारण पुढील वाक्यावर लिहिण्यासारखे काही उरले नाही. गिरिजेचे नाव कमी जाहले नाही. सरांची परीक्षा दुसऱ्या खेपेस चौतीस गुणांनी सुटली. हुसेनमियाँ पुढे सलामही घालीत आणि ओळखपत्रही मागत. पुढील साली तो धडा टेकाडावर प्रथमच उघडला, तेव्हा त्याची पाने एकमेकांस चिकटलेली निघाली.

त्या दिवशी मात्र ऐसे जाहले की, सर्व बसले आणि सर एकटे उठले. हात मागे घेतले, फळ्यापुढे बोलाविलेले मूल उभे राहते तैसे उभे राहिले, आणि मॅडमकडे पाहून बोलिले, "मॅडम, तिला काढू नका. हा धडा मला येत नाही. कधीच येत नव्हता."