पायऱ्यांची वीज

कुंपणाची टकटक थांबली आहे हे पाम्फिलच्या लक्षात आलं तेव्हा दुपारचे चार वाजले होते आणि त्याच्या हातात कॉफीचा कप होता. मधमाश्यांचा ट्रक अकेशियाच्या रानात आणून उभा केल्याला नऊ दिवस झाले होते. नऊ दिवस ती टकटक त्याच्या कानात मुरली होती. बॅटरीवर चालणारा एक पिवळा डबा दर सेकंदाला तारेत झटका सोडायचा, आणि त्या झटक्याच्या भरवशावर ट्रकवरच्या अठ्ठेचाळीस मधपेट्या आणि खाली राहुटीतली दोन माणसं निवांत झोपायची.

"सावेता, डबा मेला."

त्याच्या बायकोनं कांदा चिरता चिरता मान वर केली. "आजच मरायचा होता त्याला? वनरक्षक काय म्हणाला काल? ओढ्यापलीकडे अस्वलानं तीन पेट्या फोडल्या. तीन! फळ्यासुद्धा चाटून ठेवल्या म्हणे."

"मी आहे ना इथं!" झाडाखाली आडवा झालेला लिओन्तिन उठून बसला. लिओन्तिन हा सावेताचा थोरला भाऊ. तीस वर्षं त्यानं टीव्ही दुरुस्त केले होते, आणि दोन दिवसांसाठी हवापालट करायला म्हणून आला होता. त्यानं डबा उघडला, आत डोकावला आणि हसला. "मोठ्या कॉइलची तार सुटलीय, दाजी. सोल्डरचा एक ठिपका. पाच मिनिटांचं काम."

त्यानं गाडीतून आपलं सोल्डरिंगचं यंत्र आणलं. त्याला आकडे दाखवणारी काच होती, चार बटणं होती आणि पुसायला वेगळं फडकं होतं. रानात वीज कुठली? पण पाम्फिलकडे बाजारातून घेतलेला छोटा इन्व्हर्टर होता, फोन चार्ज करायला. तो ट्रकच्या बॅटरीला जोडला, यंत्र ट्रकच्या फळीवर ठेवलं आणि बटण दाबलं.

यंत्र गुंss करून घुमायला लागलं. काचेवर साडेतीनशे आलं, मग नव्वद, मग आठशे, मग नुसत्या तीन आडव्या रेघा.

"हे काय म्हणतंय?" पाम्फिलनं विचारलं.

"विचार करतंय."

दहा मिनिटं विचार झाला. सोल्डर वितळायचं नाव नाही. मग टोक एकदम लालभडक झालं आणि सोल्डरचे मणी होऊन ते लिओन्तिनच्या बुटावर पडले.

"दोष माझ्या यंत्राचा नाही," लिओन्तिन बूट झटकत म्हणाला. "घरची वीज कशी, टेकडीसारखी. हळूच चढते, हळूच उतरते. तुमच्या ह्या स्वस्त डब्याची वीज म्हणजे जिना. धप्प वर, धप्प खाली. माझं यंत्र शहाणं आहे हो, एकेक लाट मोजून काम करतं. पायऱ्या बघून ते गांगरलं."

"दादा, शहाण्याला बाजूला ठेव आणि एखादं येडं आण," सावेता म्हणाली.

पाम्फिलनं अवजारांच्या पेटीतून सोल्डरचं पिस्तूल काढलं. वीटभर वजन, पोटात लोखंडी ट्रान्सफॉर्मर. घोडा दाबला की इन्व्हर्टर पीं करून किंचाळायचा आणि बंद पडायचा. सोडला की पुन्हा जिवंत. दाबला, पीं. सोडला. दाबला, पीं. हा खेळ अर्धा तास चालला. शहाणं यंत्रही तिकडे फळीवर घुमतच होतं, कारण ते बंद केलं तर पुन्हा पहिल्यापासून विचार करेल अशी लिओन्तिनला भीती होती.

ती घुमघुम फळीतून पेट्यांत शिरली. आपल्या घराला कोण धडका देतंय ते पाहायला मधमाश्या बाहेर आल्या. लिओन्तिननं जाळीची टोपी घातली होती, पण बारीक जागा दिसेना म्हणून जाळी नेमकी तेव्हाच वर केली होती.

"आई गंss!"

पाच मिनिटांत त्याचा उजवा डोळा पूर्ण मिटला. "चांगला दिसणारा हाच होता," तो कण्हत म्हणाला.

तेवढ्यात इन्व्हर्टरनं एक लांब पीं केली आणि घोडा सोडला तरी तो पुन्हा जिवंत होईना. पाम्फिलनं ट्रकची किल्ली फिरवली. ट्रक नुसता खोकला. बॅटरी मुळात म्हातारी, तिनंच मान टाकली होती. आता उरली फक्त कुंपणाची बॅटरी. तीही संपली तर डबा दुरुस्त होऊन उपाशी बसणार. ऊन उतरत होतं. अकेशियाच्या फुलांचा मोसम दहा-बारा दिवसांचा; हा मध गेला की वर्ष गेलं.

आणि झुडपात काटकी मोडली.

तिघंही जागच्या जागी थिजले. आणखी एक काटकी. फांद्यांमागून काहीतरी काळं, रुंद, डुलत डुलत पुढे येत होतं. सावेतानं पातेलं उचललं, पाम्फिलनं डाव घेतला आणि दोघांनी मिळून असा काही गजर केला की माश्यासुद्धा परत आत गेल्या.

"बडवा, बडवा! पाहुणी आली की हीच रीत ना तुमच्याकडे?"

काळ्या कोटात, काळी जाळी ओढून रुक्सांदाताई उभ्या होत्या. दोनशे पावलांवर त्यांचा स्वतःचा ट्रक होता. नवरा गेल्यापासून त्या एकट्याच पेट्या घेऊन यायच्या. गेल्या मे महिन्यात ओढ्याजवळच्या जागेवरून त्यांची आणि पाम्फिलची जुंपली होती. तेव्हापासून बोलणं बंद.

"ताई, मला वाटलं अस्वल..."

"दिसते का मी अस्वलासारखी?"

पाम्फिलनं डाव पाठीमागं लपवला. लिओन्तिनला तर अर्धंच दिसत होतं.

"तुमची ही पींपीं ऐकून डोकं उठलं, म्हणून आले," त्या म्हणाल्या आणि कोटाच्या खिशातून एक सोल्डरिंगची कांडी काढली. लाकडी मूठ, तापायची तार, तांब्याचं टोक. बास. "आमच्या ह्यांची. चालते का बघा."

लिओन्तिननं ती एका डोळ्याजवळ धरली. "हिच्या आत डोकंच नाही! नुसती तापते. हिला टेकडी काय नि जिना काय! आणि वीजही चिमूटभर खाते."

पाम्फिलनं देवाचं नाव घेऊन इन्व्हर्टरला कुंपणाची बॅटरी जोडली. कांडी गुमान तापली. धूर निघाला, सोल्डर चकाकत पसरलं, तार बसली. बॅटरी पुन्हा डब्याला लावली.

टक्. टक्. टक्.

सावेता मटकन बाकावर बसली आणि हसायलाच लागली. पाम्फिलच्या खांद्यांवरून जणू ट्रक उतरला.

"जाते मी," रुक्सांदाताई म्हणाल्या, पण गेल्या नाहीत. जाळीच्या टोकाशी चाळा करत म्हणाल्या, "माझाही डबा बंद आहे. रविवारपासून. कांडी होती, पण लावणार कुठं? इन्व्हर्टर घेऊन येता का?"

"रविवारपासून? आणि आज सांगताय?"

"बोलणं बंद होतं ना."

पाम्फिल इन्व्हर्टर आणि कांडी घेऊन तसाच निघाला. रुक्सांदाताईंच्या राहुटीपुढे मेजावर चीजची पोळी झाकून ठेवलेली, शेजारी प्लमच्या दारूची बाटली आणि चार पेले. त्यानं टॉर्चच्या उजेडात डबा उघडला. एकेक तार ओढून पाहिली. सगळ्या पक्क्या. बॅटरी पूर्ण भरलेली. मग त्यानं डबा कुशीवर वळवला. खालचं बटण नुसतं बंद केलेलं होतं.

त्यानं मागं पाहिलं. रुक्सांदाताई त्याच्याकडे पाठ करून फार मन लावून पोळी कापत होत्या.

पाम्फिलनं इन्व्हर्टर जोडला, कांडी तापवली आणि एका धडधाकट जोडावर सोल्डरचा छोटासा ठिपका दिला. फुंकर मारली. मग अंगठ्यानं हळूच बटण दाबलं.

टक्. टक्.

"फार मोठं काम होतं का?" रुक्सांदाताईंनी न वळताच विचारलं.

"तर काय! बरं झालं वेळेवर बोलावलंत," पाम्फिल म्हणाला आणि सावेता व लिओन्तिनला हाक मारायला वळला.