नॉर्वेचा अरविंद

"कुठलंही पुस्तक द्या, मराठीत असं सांगेन की त्यातल्या कॉफीचा वास यावा!" विमा कचेरीतला बिंदुमाधव म्हैसूरभर हे ऐकवत फिरायचा. अंबूआत्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, वाचायला बंदी आली आणि त्याला घरबसल्या श्रोता मिळाला. त्यानं काढली एक नवी नॉर्वेजियन कादंबरी, इंग्रजी भाषांतरातली. नऊ वर्षांचा आयविंद, अबोल आईवडील, दाराशी कमरेएवढा बर्फ.

आत्यांनी पहिल्याच संध्याकाळी त्याचा अरविंद करून टाकला.

"जेवताना कुणीच बोलत नाही? भांडण झालंय काय रे?"

"स्वभावच तसा त्यांचा, आत्या."

"अय्यो पाप, बिचारा! पोराला सारू-भात तरी गरम वाढतात ना?"

बिंदुमाधव चेकाळला. पदरचे चार हुंदके घातले. चौथ्या संध्याकाळी अरविंदचे वडील बॅग उचलून घर सोडून गेले, तेव्हा आत्यांनी ताटच सरकवलं! सांगावं तर असं, म्हणत तो खुशीत भाजी आणायला गेला. इकडे आत्यांनी हुणसूरला धाकट्या भावाला फोन लावला.

सकाळी दारात दामोदरकाका हजर!

"पहिल्या बसनं आलो. कुठाय अरविंद?" त्यांनी पिशवीतून लाल स्वेटर काढला. "तुझ्या वेदवतीकाकूनं त्याच्यासाठी खाट धुऊन ठेवलीय. आम्हाला मूलबाळ नाही, बिंदू. आम्ही सांभाळतो त्याला. उपकार नव्हे रे, आमचीच हौस."

बिंदुमाधव तव्याला चिकटलेल्या दोशासारखा जागीच राहिला.

"काका... तो पुस्तकातला आहे. खोटा."

"खोटा कसा?" आतून आत्या कडाडल्या. "काल खोकत होता!"

"तो खोकला मी घातला, आत्या!"

काका खुर्चीत बसले. मांडीवर स्वेटरची घडी घालत राहिले, उलगडत राहिले. बिंदुमाधवला वाटलं, दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

शेवटी काका म्हणाले, "मग? बाप गेल्यावर पोरानं काय केलं?"

काका तीन दिवस राहिले. बाप काही परत आला नाही. पण शेवटच्या पानावर आईनं ताटावरून मान वर करून विचारलं, "बटाटा वाढू?" आणि आत्या नि काका दोघांनी एकदमच नाक ओढलं. या वेळी पदरचा एकही हुंदका नव्हता!

निघताना काकांनी पुस्तक मागितलं.

"काकूला वाचून दाखवणार?"

"छे रे, इंग्रजी आम्हाला कुठलं! तिनं शाळेत त्याचं नाव घातलंय. आता हेडमास्तरांना दाखवायला काहीतरी पुरावा नको?"