दार उघडणारी बेवारस निघाली

इमारतीच्या लिफ्टचा प्रोग्राम नव्या आवृत्तीवर नेण्यात आला आणि थोड्याच वेळात साहेब लिफ्टमध्ये अडकले. या दोन घटनांचा परस्परांशी काहीही संबंध नाही, असं प्रोग्राम तपासणाऱ्या निरीक्षण विभागानं तातडीनं कळवलं.

संबंध होता, आणि प्रोग्राम सांभाळणाऱ्या ताईंना तो दिसत होता. प्रोग्रामच्या भाषेत क्लास म्हणजे एक घर समजा, आणि मेथड म्हणजे त्या घरातली एकेक कामकरीण. लिफ्टच्या घरात एक वर नेणारी, एक खाली आणणारी, एक दार उघडणारी. निरीक्षणाची रीत अशी, की प्रत्येकीला घराबाहेर बोलवायचं आणि विचारायचं, "तू कुणाची गं?" जुन्या आवृत्तीत ती मुकाट्यानं घराचं नाव सांगे. नव्या आवृत्तीत उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं, की घर विसरते. म्हणते, "कुणाची नाही. मी आपली मीच."

आणि नियम होता: बेवारस आढळेल ते बंद करावे. वर नेणारीची तपासणी व्हायची होती. दार उघडणारीची झाली होती.

"ताई, दार उघडा हो!" साहेब आतून ओरडले.

"उघडणारी बेवारस ठरलीय, साहेब."

"कुठल्या गाढवाच्या नियमानं?"

"तुमच्या."

"नियम उत्तमच आहे. पण मी आत असताना नको."

ताई निरीक्षकांकडे वळल्या. "अहो, तिला बाहेर कशाला काढता? घरातच जा आणि विचारा, इथे कोण कोण राहतं. नव्या आवृत्तीत तसंच विचारायचं असतं."

"घरात जाऊन? घरचे आपल्या माणसांचीच बाजू घेणार! निरीक्षण निःपक्षपाती हवं."

"आत साहेब घामाघूम झालेत!"

"साहेब कुणाचे, तेही बाहेर आल्यावरच विचारता येईल. आणि पद्धत बदलायला त्यांची मंजुरी लागते."

ताईंनी मंजुरीची विनंती साहेबांच्या फोनवर पाठवली. साहेबांनी घाईघाईनं अंगठा टेकवला. पण विनंतीच्या वर दुसरीच पाटी येऊन बसली होती: 'इमारतीतील दिव्यांसाठी नवी आवृत्ती. अटी वाचल्या, मान्य आहे.'

लिफ्टमधला दिवा गेला.

"साहेब, अटी वाचल्यात का?"

"त्या कोण वाचतं, बाई!" अंधारातून आवाज आला.

हसताय? खुशाल हसा. फक्त काल तुमच्या फोननं काहीतरी विचारलं आणि तुम्ही 'मान्य' म्हणालात, ते नेमकं काय होतं तेवढं आठवून सांगा. सावकाश आठवा. साहेबांना कुठे जायचंय?