बिनचूकरावांच्या रंगीत चिठ्ठ्या

"दोन दिवसांत मी माणसं वाचायला शिकलो!" घरात पाऊल टाकताच बिनचूकरावांनी जाहीर केलं. एका पायात अजून बूट होता.

बायको टेबलाशी बसून भाजी निवडत होती. बिनचूकरावांनी तिच्याकडे रोखून पाहिलं आणि म्हणाले, "तू रागावली आहेस."

"छे! मी कशाला रागावू?"

"भुवयांच्या मध्ये दोन आठ्या आहेत. दोन आठ्या म्हणजे दाबून ठेवलेला राग. प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत पान अकरावर चित्र आहे."

"अहो, चष्मा सापडत नाहीये, म्हणून डोळे बारीक केलेत."

"नाही म्हणणं हेसुद्धा रागाचंच लक्षण! पान बारा."

"आता मात्र खरंच आला हं राग!"

"बघ! मी म्हटलंच होतं!" बिनचूकरावांना इतका आनंद झाला की दुसरा बूट काढायचा राहूनच गेला. त्या रात्री त्यांना भाजी वाढली गेली नाही, पण विद्या म्हटली की थोडा त्रास आलाच.

बिनचूकराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते ज्या कारखान्यात प्रमुख होते तिथल्या लोकांनी ते ठेवलं होतं, अर्थात पाठीमागे. कारखाना वजनकाटे दुरुस्त करायचा. औषधाच्या दुकानातले काचेच्या पेटीतले नाजूक काटे, दवाखान्यातले बाळांचे काटे, गोदामांतले अवजड काटे, सगळे तिथे यायचे आणि खरं बोलायला शिकून परत जायचे. बिनचूकरावांची नजर अशी, की सुई केसभर सरकली तरी ते पलीकडच्या खोलीतून ओरडायचे. केसाचं वजन ते अचूक सांगत. केस पिकलेला माणूस समोर उभा असेल तर त्याला आज बरं वाटतंय का, एवढं मात्र त्यांना तीस वर्षांत कळलं नव्हतं.

त्यामुळेच तर हे प्रशिक्षण नशिबी आलं! वर्षभरात तीन माणसं काम सोडून गेली होती. आणि आता ताईंचा अर्ज आला होता. ताई म्हणजे कारखान्यातला सगळ्यात कसबी हात. एकोणीस वर्षं नाजूक काटे त्याच लावायच्या. अर्जात एकच ओळ होती: "माझी दुसऱ्या शाखेत बदली करावी." कारण काही नाही!

मालकीणबाईंनी तो अर्ज बिनचूकरावांच्या हातात ठेवला होता. "काट्यांचं तुम्हाला कळतं, माणसांचं कळत नाही. दोन दिवस शिकून या. शुक्रवारपर्यंत ताईंनी आपणहून अर्ज मागे घेतला तर ठीक. नाहीतर त्या जातील दुसऱ्या शाखेत, आणि तुम्ही जाल गोदामात. तिथे तुम्हाला बोलायला माणसंच नसतील."

गोदामाच्या नावाने बिनचूकरावांच्या तोंडचं पाणी पळालं. पण खरं सांगायचं तर, त्याहून जास्त त्यांना ताई जाणार याचंच वाईट वाटत होतं. ताईंनी लावलेला काटा पाहिला की ते मनातल्या मनात वाहवा म्हणायचे. ते बोलून दाखवायचं असतं, हे मात्र त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनी कधी विचारलंही नव्हतं.

बुधवारी सकाळी ते पुस्तिका काखेत मारून कामावर हजर झाले. ताई खिडकीजवळ आपल्या स्टुलावर बसल्या होत्या. समोर काचेची पेटी उघडी. ओठ घट्ट मिटलेले, डोळे अर्धे मिटलेले, गाल किंचित आत गेलेले. बिनचूकरावांनी झटकन पान सतरा उघडलं. तंतोतंत तेच चित्र! खाली लिहिलं होतं, "खोल दुःख."

त्यांचं काळीज कळवळलं. ते पावलं न वाजवता जवळ गेले, ताईंच्या कानाशी वाकले आणि अगदी मायेने म्हणाले, "ताई, मोकळं व्हा!"

ताई दचकल्या. हातातल्या चिमट्यातून वजन सुटलं. ते पारड्यावर आपटलं, पारडं पेटीवर आपटलं, आणि सुई वेड लागल्यासारखी डावीकडे-उजवीकडे झुलायला लागली.

"साहेब! मी श्वास रोखून बसले होते! श्वासाने पारडं हलतं! सकाळी आठपासून लावत होते हा काटा!"

"म्हणजे... दुःख नव्हतं?"

"आता आहे!"

बिनचूकरावांनी पुस्तिकेच्या समासात नोंद केली: ताई, दुःखी, कारण उमगलं नाही. मग त्यांनी कारकुनाला "तुमचं एकटेपण मला दिसतंय" असं सांगितलं. कारकून बिचारा दोनदा लग्न ठरून मोडलेला! तो उठला तो तडक नळावर गेला आणि अर्धा तास तोंड धूत बसला. संध्याकाळपर्यंत कारखान्यात अशी शांतता पसरली की सुया हलल्याचा आवाज यावा.

पण हार मानतील तर ते बिनचूकराव कसले! रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांना उपाय सुचला. चेहऱ्यावरून चूक होते ना? मग लोकांनी स्वतःच सांगावं! पुस्तिकेत पान चाळीसवर होतंच: प्रत्येकाने आपली मनःस्थिती रंगाने दाखवावी. हिरवा म्हणजे आनंद, पिवळा म्हणजे मधलंच काहीतरी, लाल म्हणजे दुःख किंवा राग. रंगीत चिठ्ठ्या विकत कशाला आणायच्या? कारखान्याच्या कपाटात तपासलेल्या काट्यांना बांधायच्या चिठ्ठ्यांचे दोरीसकट गठ्ठेच्या गठ्ठे पडले होते.

इथे, वाचकहो, तुमच्या लक्षात आलंच असेल. ज्या माणसाने ते गठ्ठे मागवले होते, त्याच्या लक्षात काही आलं नाही.

गुरुवारी सकाळी सगळ्यांना रांगेत उभं करून चिठ्ठ्या वाटण्यात आल्या. "खरं ते लावा! माझी भीती बाळगू नका!" बिनचूकराव गरजले, तेव्हा दोघं जण भीतीने मागे सरकले. मग त्यांनी स्वतःच्या गुबगुबीत फिरत्या खुर्चीला हिरवी चिठ्ठी बांधून उदाहरण घालून दिलं. कारकुनाने पुष्कळ विचार करून आपल्या खुर्चीला पिवळी लावली. ताई मात्र क्षणभरही थांबल्या नाहीत. त्यांनी लाल चिठ्ठी उचलली, स्टुलाच्या पायाला बांधली आणि गाठ दोनदा आवळली.

सगळे एकमेकांकडे बघू लागले. बिनचूकराव मात्र खूश! "याला म्हणतात प्रामाणिकपणा!" त्यांनी वहीत लिहिलं: ताई, लाल. शुक्रवार दुपारपर्यंत हिरवी करणे.

बारा वाजता सगळे मागच्या खोलीत जेवायला गेले. एक वाजता परत आले. खिडकीजवळची जागा रिकामी होती. कारकुनाची खुर्ची सगळ्यात उंच फळीवर, सुट्या भागांच्या डब्यांशेजारी, छताला टेकून बसली होती. आणि प्रमुखांच्या खोलीतून फिरती खुर्ची अदृश्य झाली होती.

तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे औषधाचे दुकानदार होते. "काटा मिळाला, उत्तम आहे. पण सोबत खुर्ची कशाबद्दल? फार मऊ आहे हो! बक्षीस आहे का?"

बिनचूकराव धावत अंगणात गेले. गाडीवाले काका गाडी पुसत उभे होते. सामान उचलणं, पोचवणं, आणणं, सगळं काम काकांचं.

"काका! माझी खुर्ची?"

"हिरवी चिठ्ठी होती. हिरवी म्हणजे पास, गिऱ्हाइकाकडे."

"आणि कारकुनाची?"

"पिवळी. भाग मिळेपर्यंत फळीवर."

"आणि... ताईंचं स्टूल?"

"लाल. म्हणजे नापास. भंगारात टाकून आलो."

"अहो, पण एकदा विचारायचं तरी!"

"विचारायचो मी पूर्वी," काका शांतपणे म्हणाले. "तुम्हीच भिंतीवर पाटी लावलीत: चिठ्ठी पाहा, उचला, प्रश्न विचारू नका."

मागे ताई उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या ओरडल्या नाहीत. "चार महिने कानस घेऊन त्या स्टुलाचे पाय घासले होते मी," त्या म्हणाल्या. "डोळा बरोबर सुईच्या रेषेत यावा म्हणून. आता शुक्रवारची वाट कशाला पाहायची? मी आजच जाते."

बिनचूकरावांचा हात सवयीने पुस्तिकेकडे गेला. ताईंच्या चेहऱ्यावर जे होतं त्याचं चित्र कुठल्या पानावर आहे ते त्यांना आठवेना, आणि पहिल्यांदाच त्यांना वाटलं, की नसेलच. त्यांनी पुस्तिका गाडीच्या टपावर ठेवून दिली. "आधी स्टूल आणू," ते म्हणाले. "मग जायचं तर जा. मी अडवणार नाही."

काकांनी गाडी काढली. पुस्तिका पहिल्याच वळणावर टपावरून उडून गेली.

भंगारवाला गंजक्या पत्र्यांच्या ढिगाशेजारी बसला होता. स्टूल ढिगाच्या टोकावर पाय वर करून पडलं होतं आणि त्याचा एक पाय वाकला होता. "न्या की!" भंगारवाला म्हणाला. "पण इथून बाहेर जाणारी वस्तू काट्यावर चढूनच जाते." त्याने स्टूल पारड्यात टाकलं. "नऊ किलो."

"साडेसात," ताई म्हणाल्या.

"नऊ! डोळ्यांनी बघा!"

"माझं स्टूल साडेसात किलोचं आहे. तुमचा काटा खोटं बोलतोय." एवढं म्हणून ताई काट्याकडे वळल्या. जाते म्हणणाऱ्या बाई, पण चुकीचा काटा समोर दिसल्यावर त्यांचे हात स्वस्थ बसतात होय! त्यांनी पर्समधून पाना काढला. (कुणाच्या पर्समध्ये काय असतं, कुणाच्या काय!) "साहेब, हे पारडं दोन्ही हातांनी धरा. अगदी स्थिर. आणि बोलायचं नाही."

"पण मी..."

"तुम्ही बोललात की तुमचे हात हलतात. एकोणीस वर्षं बघतेय."

बिनचूकरावांनी पारडं धरलं आणि तोंड मिटलं. ताई गंज खरवडू लागल्या. थोडा वेळ नुसता करकर आवाज येत राहिला. मग, पान्याकडेच बघत, त्या बोलायला लागल्या.

"गेल्या महिन्यात बाळांच्या डॉक्टरीणबाईंचा काटा आला होता. दाखल्यावर चुकीचा आकडा गेला. तुम्ही त्यांच्यासमोर मला म्हणालात, 'एवढंही जमत नाही तुम्हाला?' आठवतंय?"

बिनचूकरावांना आठवत होतं. त्यांच्या घशात एक "पण" येऊन अडकला. हातात पारडं होतं. त्यांनी तो गिळला.

"आकडा तुम्ही लिहिला होता. तुम्हाला त्याच संध्याकाळी कळलं, कारण तुम्ही दाखला बदललात. मी पाहिलं. मला वाटलं, उद्या म्हणतील काहीतरी. उद्या नाही तर परवा. आठ दिवस मी लवकर येऊन बसत होते, तुम्हाला एकट्यात बोलता यावं म्हणून. तुम्ही येऊन म्हणायचात, 'सुई बघा.'"

दुसरा "पण" आला. तोही गेला. आत जागा होत चालली होती. तिथे आता काही वेगळंच भरून येऊ लागलं. बिनचूकरावांचे कान तापले, डोळे चुरचुरले. वीस मिनिटं ते हूं की चूं न करता ऐकत राहिले. इतका वेळ त्यांनी कुणाचं ऐकलं नव्हतं, रेडिओचंसुद्धा.

"झालं असं," ताई म्हणाल्या. "हा स्क्रूचा शेवटचा आटा आहे, हलू नका."

"चूक माझी होती, ताई!" बिनचूकरावांच्या तोंडून फुटलंच. "मला लाज वाटली, म्हणून बोललो नाही. आणि तुम्ही जाणार हे कळल्यापासून मला जेवण गोड लागत नाही!"

दोन्ही हात हवेत गेले. पारडं खणकन आपटलं. वीस मिनिटांची मेहनत मातीत!

बिनचूकराव डोळे मिटून उभे राहिले. ताईंनी पारड्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे.

"असू दे," त्या म्हणाल्या. "पुन्हा लावू. धरा."

दुसऱ्यांदा लावल्यावर काट्याने साडेसात किलो दाखवले आणि भंगारवाल्याने कपाळावर हात मारून घेतला.

शुक्रवारी सकाळी बिनचूकरावांनी सगळ्यांच्या देखत डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि आकडा कुणी चुकवला होता ते सांगितलं. आवाज थोडा कापला, पण वाक्य पुरं झालं. मग त्यांनी ताईंचा अर्ज काढला. "हा मालकीणबाईंना परत द्यायचा का? तुम्ही सांगाल तसं. मी अंदाज करणार नाही."

ताईंनी अर्ज घेतला. वाकलेल्या पायामुळे त्यांचं स्टूल डुगडुगत होतं. त्यांनी अर्जाची चौपदरी घडी केली, पायाखाली सरकवली आणि बसून पाहिलं. डोळा बरोबर सुईच्या रेषेत आला.

"सध्या इथेच राहू दे," त्या म्हणाल्या. "लागला तर काढता येईल."

बिनचूकरावांचा जीव भांड्यात पडला. आपण जिंकलो, आपल्याला माणसं कळली, आता गोदाम नाही! या आनंदात ते आपल्या खोलीत गेले आणि खुर्चीवर बसायला गेले. खुर्ची अजून औषधाच्या दुकानात असल्यामुळे ते थेट जमिनीवर बसले. दारात गाडीवाले काका उभे होते.

"साहेब, तुम्ही ऐकून घेता म्हणे आता. माझंही जरा होतं."

"बोला काका, मोकळेपणाने बोला!" बिनचूकराव जमिनीवरूनच म्हणाले.

काकांनी दार लावून घेतलं. दार लागता लागता बाहेर कारकून आणि आणखी चौघं रांगेत उभे असलेले दिसले. काका ऐसपैस मांडी घालून बसले आणि त्यांनी घसा खाकरला.

"तर मी इथे लागलो तो पहिला दिवस. सोमवार होता."

"किती वर्षं झाली, काका?"

"सव्वीस. मध्ये बोलू नका."