आम्ही आधार काढून घेतला!

आमच्या बी.एड. कॉलेजात गटप्रमुख व्हायला माझ्याइतका लायक माणूस आजवर झाला नाही, असं माझं प्रामाणिक मत होतं. आवाज खणखणीत, शर्टाला कडक इस्त्री आणि दुसऱ्याला काम सांगण्याची उपजत कला! आणखी काय लागतं?

गटात आम्ही चौघं. मी, पैलवान, म्हणजे खेळाचा शिक्षक होऊ घातलेला धिप्पाड गडी, मौनीबाई, जिचा आवाज हजेरीपलीकडे कुणी ऐकला नव्हता, आणि काकू. मुलं हाताशी आल्यावर काकू पुन्हा बाकावर येऊन बसल्या होत्या. एका शाळेत त्या तात्पुरत्या शिकवायच्या. यंदा बी.एड. झालं तर नोकरी पक्की, नाहीतर घरी! आणि गटाने मिळून करायच्या प्रकल्पात नापास होणाऱ्याला परीक्षेलाच बसता येणार नव्हतं.

मॅडमनी विषय दिला, 'मूल आधाराने कसं शिकतं?' सिद्धांत सोपा. जाणत्याने आधी मदत करायची, मग ती हळूहळू काढून घ्यायची. सायकल शिकवताना आपण सीट धरून मागे पळतो आणि गुपचूप हात सोडतो ना, अगदी तसंच!

वाचता वाचता मला कल्पना सुचली. नुसता तक्ता कशाला? सिद्धांत गटावरच वापरू! जाणता अर्थातच मी. या तिघांना थोडं समजवायचं आणि अंग काढून घ्यायचं. तसंही अंग काढून घेणं मला पहिल्यापासून छान जमतं.

पहिल्या बैठकीत मी भरभरून बोललो. दुसरीत बेताचं बोललो. मग बैठकच बोलावली नाही.

"काकू, जमेल ना?" मी जिन्यात विचारलं.

"न जमायला काय झालं? तुलाही जमेल हो!" त्यांनी माझ्या पाठीवर थोपटलं. किती गोड बाई!

मग पैलवानाला फोन केला. "काय, कसं चाललंय?"

"एकदम झकास, लीडर! आपला तुझ्यावर पूर्ण विश्वास आहे!"

मौनीबाई नुसती हसली. माझी छाती फुगली.

सादरीकरणाचा दिवस उजाडला. वर्ग खच्चून भरलेला, मॅडम शेवटच्या बाकावर पेन उघडून बसलेल्या. आम्ही चौघं फळ्यासमोर उभे राहिलो. चौघांचेही हात रिकामे!

"तक्ता?" मी कुजबुजलो.

"तू करणार होतास ना?" काकू म्हणाल्या.

"मी? मी तर तुमचा आधार काढून घेतला होता!"

"अरे देवा! मी तुझा काढून घेतला होता!"

"आणि मी तुम्हा दोघांचा!" पैलवान घामाघूम.

मौनीबाईने हळूच बोट वर केलं. तिने आम्हा तिघांचा काढला होता. तिने तर अगदी सुरुवातीलाच!

माझं एक वेळ जाऊ द्या, पण काकूंची नोकरी! मी घसा खाकरला. "आदरणीय मॅडम, काही तांत्रिक अडचणींमुळे..."

"तू फळा पूस," काकू म्हणाल्या.

मी पुसला. काकूंनी खडू उचलला. "मॅडम, आम्ही काहीही करून आणलेलं नाही. का आणलं नाही, ते दाखवते."

त्यांनी फळ्यावर एक सायकल काढली आणि तिची सीट धरून पळणारी चार माणसं. "चौघांनीही मोठ्या मनाने हात सोडला. एवढंच बघायचं राहिलं, की सीटवर कुणी बसलेलंच नव्हतं!"

वर्ग हसून लोटपोट! तेवढ्यात पैलवान वाकून स्वतःच सायकल झाला. आणि मौनीबाई, होय, आमची मौनीबाई, त्याच्यामागे उभी राहून घडाघडा बोलायला लागली. हात सोडण्याआधी मूल कुठवर आलंय ते पाहायचं, त्यालाच विचारायचं, डगमगलं तर पुन्हा धरायचं. गटात तर पाळीपाळीने एकाने चालवायचं आणि बाकीच्यांनी धरायचं! मी तोंडात बोट घालून ऐकत राहिलो. इतकं सुंदर शिकवणं मी वर्षभरात पाहिलं नव्हतं, आणि तेही काडीची तयारी नसताना! काकूंचा तर इतका अभिमान वाटला, की माझे डोळेच भरून आले. डोळ्यांत खडूची पूड गेली, असं मी सगळ्यांना सांगितलं.

मॅडम उठल्या. "चौघंही पास!"

काकू मटकन खुर्चीत बसल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. मी लगेच कॉलर नीट करून पुढे झालो.

"मॅडम, गटप्रमुखाबद्दल दोन शब्द?"

"तुमच्यामुळेच तर सिद्धांत सिद्ध झाला!" मॅडम कौतुकाने म्हणाल्या. "गटप्रमुखाचा आधार पूर्णपणे काढून घेतल्यावर गट किती छान चालतो!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यात माझ्याही होत्या, काय करणार!