डबलसाहेब

गजभियेसाहेब रस्त्याने चालत नसत. म्हणजे, जिथे रस्ता आहे तिथून चालत नसत. जिथे असायला पाहिजे होता तिथून चालत. घरून कचेरीत येताना शिंप्याच्या पुढच्या दारातून आत शिरायचे, मागच्या दारातून निघायचे, कोणा बाईच्या वाळत घातलेल्या पापडांना वळसा घालून थेट हलवायाच्या भट्टीपाशी उगवायचे. हलवाई ओरडायचा, "साहब, रास्ता उधर है!"

साहेब शांतपणे सांगायचे, "तो चुकला हाये. खरा इथूनच हाये."

मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यातलं आमचं गाव. नाव सांगत नाही, मला अजून तिथेच राहायचं आहे. साठ सालानंतरची ही गोष्ट. नगरपालिकेत मी बाबू, ते ओव्हरसियर. रेल्वेच्या गँगमनचा हा मुलगा शिष्यवृत्तीवर दिल्लीला जाऊन नगररचना शिकून आला होता. नगररचना म्हणजे काय, हे गावात कोणालाच माहीत नव्हतं. माहीत नाही, हे गाव बघूनही कळायचं. त्यांच्या कॉलेजात हुशार पोरांना एक मुभा होती. पहिली डिग्री संपायच्या आतच वरच्या डिग्रीचा अभ्यास सुरू करता येई. साहेबांनी दोन्ही एका दमात उरकल्या.

"मधात घरी आलो असतो तर बापानं रेल्वेत चिकटवलं असतं," ते म्हणायचे. "लोकं एक पंगत उठली का दुसरीले बसते, बाबूजी. मी एकाच पत्रावळीवर दोन्ही जेवनं उरकली."

म्हणून ते डबलसाहेब. आणि काम काय, तर नाल्या उपसून घेणं. एकदा अध्यक्षांनी मुलीच्या लग्नात मांडव कुठे घालावा एवढं विचारलं. साहेबांनी वाऱ्याची दिशा पाहून चुली हलवल्या. लग्नाच्या दिवशी वारा फिरला आणि सगळा वरपक्ष डोळे पुसत जेवला.

"वारा चुकला," साहेब म्हणाले.

मग वरून हुकूम आला, स्टेशनपासून बाजारापर्यंत सरळ रस्ता काढा. साहेबांचा नकाशा केव्हाचा तयार होता. त्यातला रस्ता एका राइस मिलच्या मोकळ्या आवारातून जात होता. मिल अध्यक्षांच्या मेव्हण्याची. मीटिंगमध्ये अध्यक्षांनी नकाशावरची रेघ बोटाने जराशी सरकवली. ती बौद्ध मोहल्ल्यावर आली. साहेबांचं घर, त्यांची विधवा आई, सगळा गोतावळा तिथलाच.

साहेब उभे राहिले. "अध्यक्षजी, तिथं माणसं राहतात. मिलच्या आवारात नुसता कोंडा पडला आहे."

"माणसं हलतात गजभियेजी, मिल नाही हलत," अध्यक्ष गोड हसले. "और आपको तो शहर बसाना है ना? नाल्यापलीकडची जागा घ्या. जैसा चाहो वैसा बसाओ."

तिथे साहेब फसले. इतक्या वर्षांत त्यांना 'बसवा' असं कोणी म्हटलंच नव्हतं. त्यांनी नवा नकाशा काढला. प्रत्येक घराला उजेड, चौकाचौकात नळ, शाळा, विहारापुढे कडुनिंब. तो घेऊन ते स्वतः मोहल्ल्यात गेले, दारोदार शब्द दिला. लोकांनी मानला. पोरगा आपला, त्यात डबल शिकलेला. मोहल्ला हलवायच्या कागदावर साहेबांनी सही केली.

घरं पडली. रस्ता झाला. मिलचे ट्रक त्यावरून धावू लागले. नाल्यापलीकडे नळ आला नाही, शाळा आली नाही. पावसाळ्यात पाणी तेवढं आलं, थेट घरात.

त्यानंतर एक दिवस साहेबांची आई कचेरीत आली. पदर ओला, पाय चिखलाने भरलेले. सगळ्यांसमोर तिने विचारलं, "शाम्या, तू दिल्लीले काय शिकून आलता रे?"

"शहर बसवाले, माय."

"मंग आमाले काहून उठवलं?"

एरवी आमच्या कचेरीत कशालाही हसतात. त्या दिवशी कोणी मान वर केली नाही. म्हातारी आली तशी गेली.

साहेबांना पुढे सरकारी क्वार्टर मिळालं. त्यांनी ते घेतलं नाही. नाल्यापलीकडेच राहिले. एका रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे गेलो. म्हातारी दारात बसून बिड्या वळत होती. शेजारी साहेब मांडी घालून बसले होते. टिनाचा फर्मा तेंदूच्या पानावर ठेवून कात्रीने पानं कापत होते. मला पाहून ओशाळले. मी खुणेनेच आईबद्दल विचारलं.

"बोलत नाही," ते हळूच म्हणाले. "बसू देते."

कागदावर हयातभर सरळ रेघा ओढलेल्या त्या हाताने पान वाकडं कापलं. म्हातारीने ते उचललं, उलटसुलट करून पाहिलं, बाजूला टाकलं. मग त्यांच्याकडे न बघताच सुपातलं दुसरं पान त्यांच्यापुढे सरकवलं.