बुटाची निर्दोष सुटका

पुढचा शब्द न् शब्द खरा आहे, शपथेवर सांगतो. (अंगठा डावा होता, पण मी उजवा लिहिणार आहे. उजव्याला जरा वजन येतं.)

मी बुटांच्या दुकानात विक्रेता. नवा माल आला की पहिला जोड आम्ही नोकरांनी घालून मिरवायचा, ही मालकांची पद्धत. मी मिरवला. दुसऱ्या दिवशी सकाळी माझा उजवा अंगठा टोमॅटोसारखा फुगून माझ्याआधी जागा झाला. चादर टेकली तरी ब्रह्मांड आठवे. पंख्याचा वारासुद्धा सोसेना.

"बूट चावला," बायको म्हणाली.

मलाही पटलं. डाव्या पायात बूट, उजव्यात बायकोची सपात अशा थाटात दुकान गाठलं आणि भर गिऱ्हाइकांत मालकांना म्हणालो, "तुमचा नवा बूट माणसं खातो." बूट घालून बघणाऱ्या एका बाईंनी आत विंचू असल्यासारखा पाय बाहेर ओढला.

मालक आवाज न चढवता म्हणाले, "चला डॉक्टरकडे. बुटाचा दोष निघाला तर सगळा माल परत. नाही निघाला तर उद्यापासून तुम्ही घरी."

बायकोही आली. दवाखान्यात शिरताना मी फिर्यादी आहे अशीच माझी समजूत होती.

डॉक्टरांनी अंगठा पाहिला. "गाउट दिसतोय. रक्तात युरिक ॲसिड वाढलं की त्याचे सुईसारखे कण सांध्यात साचतात. रक्त तपासून नक्की करू."

माझं दुखणं राहिलं बाजूला, कुतूहलच चाळवलं. "पण एवढे सांधे सोडून अंगठाच का?"

"तो शरीराचा थंड कोपरा. गारव्याला कण लवकर धरतात. दुपारी काय खाता?"

"काकडी," बायको अभिमानाने म्हणाली. "वजन उतरवतायत."

"काकडी?" मालकांनी खुर्ची पुढे ओढली. (बूट वाचवायचा तर माणूस कुठवर जाईल!) "वहिनी, हे रोज कोपऱ्यावर कलेजी खातात. दोन प्लेट. वर गोड थंड पेयाची बाटली."

"आणि पाणी?" डॉक्टरांनी विचारलं.

"शिवत नाहीत," मालक म्हणाले. "दुकानाचा संडास तिसऱ्या मजल्यावर आहे ना."

बायकोने आधी अंगठ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "म्हणून रात्री घास गळ्याखाली उतरत नव्हता तर. मला वाटलं, डाएट."

"उपाशी राहिल्यानेही वाढतं," डॉक्टर म्हणाले. म्हणजे खाऊनही मीच आणि न खाऊनही मीच. "घरात कुणाला होतं?"

"बाबांचा अंगठा दुखायचा. पण त्यावर उधळलेल्या घोड्याचा पाय पडला होता. भर बाजारात, लोकांना वाचवताना."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "घोडा एकदाच आला होता?"

"वर्षातून दोनतीनदा यायचा," बायको म्हणाली.

"मग तो घोडा नव्हे, वारसा. काहींची मूत्रपिंडं हे ॲसिड नीट बाहेर टाकत नाहीत, आणि ते घराण्यातून येतं. सगळा दोष कलेजीचा नाही."

मी विजयी मुद्रेने बायकोकडे पाहिलं. ती डॉक्टरांकडे पाहत होती. "पण थोडा आहे ना?"

"आहे."

सूज उतरायची गोळी, बर्फ, पाय उशीवर, भरपूर पाणी, बाटली बंद, कलेजी बंद. पुन्हा पुन्हा उठलं तर ॲसिड कमी ठेवायची रोजची गोळी, आणि बरं वाटलं म्हणून ती आपल्या मनाने थांबवायची नाही.

बाहेर आल्यावर मी मालकांना हळूच विचारलं, "मग मी उद्यापासून घरी?"

"घरी बसून बुटाची अब्रू कशी परत येईल? दुकानाच्या दारात बसा, पाय स्टुलावर. येणारा प्रत्येक जण विचारेल. त्याला सांगायचं, बुटाने नाही, कलेजीने."

तेव्हापासून दिवसभर तेच सांगतोय. (तिसऱ्या मजल्याच्या खेपा वेगळ्या.)

आता यातलं रचलेलं काय ते कबूल करतो. घोडा. तोही बाबांनी नाही, मी रचला. बाबा सरळ सांगायचे, "पाणी पीत जा रे, हे आपल्या रक्तातच आहे." इतक्या मिळमिळीत कारणावर माझा कधी विश्वासच बसला नाही.

हे सगळं बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "घोडा काढून टाका. त्याच्यामुळे लोकांना कलेजीसुद्धा खोटी वाटेल."